विनेशची लायब्ररी

"सवतीची जाई बाई, माझ्या दारी फुलली..." केसरची मावशी जात्यावर गायची. मांडव्याच्या जेट्टीवर, बोटीच्या रांगेत, केसरला तो सूर आठवला. पुढची दोघं, एक मुलगा नि एक मुलगी, लॅपटॉप उघडून तिसऱ्याच कुणावरून तरी भांडत होती.

"प्रोग्रॅमच्या टेस्ट चालवायला माझं फ्रेमवर्क, आणि बरोबर-चूक ठरवायला ऑफिसातल्या त्या विनेशने लिहिलेली कोडची लायब्ररी?"

"चालतं रे गणराज! चूक दिसली की ती ओरडते, तुझं फ्रेमवर्क ते ऐकतं."

"का? माझ्या फ्रेमवर्कला तपासता येत न्हाय?"

"येतं. पण ते नुसतं 'चुकलं' म्हणतं. विनेशची लायब्ररी काय चुकलं तेपण सांगते."

"बोलकाच हाय तो. कँटीनमध्येपण तुझ्या कानाशीच असतो."

"मग तू बोल ना! तुला कोणी अडवलंय?"

"बंगळूरची नोकरी आलेली मला, किशोरी. तू इथे होतीस, म्हणून न्हाय गेलो."