भोंग्याचा घसा

—नाही, नाही, तुम्ही तोंड उघडू नका. गळ्याची पट्टी बघूनच कळलं मला. ऑपरेशन झालंय, बोलायला बंदी. मग नुसतं ऐका, ऐकायला काही घसा लागत नाही. माझं म्हणाल तर मी आत जाऊन आलोय. डॉक्टरांनी तोंडात तो छोटा आरसा घातला, ‘आ’ करा म्हणाले, मी केला — तर बाहेरचा कंपाउंडर धावत आत आला, काय झालं म्हणून. असा आवाज. बाटल्यांचा कारखाना आहे आमचा, काचेच्या. भट्टीच्या घरघरीत शेजारच्याला हाक मारायची तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. तिथे मला भोंगा म्हणतात, यावरून काय ते समजा.

युनियनमध्ये माझं पद काय? काही नाही. खुर्ची नाही, सहीचा अधिकार नाही. पण माझ्यावाचून पान हलत नाही. कसं? सांगतो ना. आमच्याकडे मतदान आवाजी. अध्यक्ष माईकवर विचारतात — मंजूर? की एक गट ओरडतो. मग विचारतात — नामंजूर? की दुसरा ओरडतो. ज्यांचा आवाज मोठा ते जिंकले. चिठ्ठ्या नकोत, मोजणी नको, भांडण नको — अगदी शुद्ध लोकशाही. आणि मी उभा कुठे असतो? माईकपाशी. आता मला तिथे कोणी उभं केलं असं विचारू नका, गर्दीत माणूस कुठेतरी उभा राहणारच. अडचण एवढीच की आपल्याच आवाजाने आपले कान फुटतात, म्हणून मी कानात कापूस घालतो. मग ठराव ऐकू कसा येतो? नाही येत. गरज काय? अध्यक्षांनी चष्मा काढला की मी ओरडतो — मंजूर. इतकी वर्षं चाललंय, कधी चूक नाही. म्हणजे, एकदा झाली. अध्यक्षांच्या डोळ्यात कचरा गेला, त्यांनी चष्मा काढला आणि कॅन्टीनचे दर वाढले. झालं ते झालं, लोकांचा कौल होता. हसू नका हो, टाके ताणतील.

आज दुपारी मोठी सभा आहे. पगाराचा करार. कायम कामगारांना घसघशीत वाढ, वर दवाखान्याचा खर्च, बायकोमुलांसकट. आणि कंत्राटी? त्यांना शुभेच्छा. मालक म्हणाले, एक तर कायमवाल्यांना वाढ घ्या, नाहीतर कंत्राटी लोकांना कायम करून घ्या, दोन्ही जमायचं नाही. अध्यक्षांनी चहा संपायच्या आत निर्णय घेतला. नेता असा हवा. आणि मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय, ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या पगारावर — म्हणजे आत्ता वाढ झाली तर — पण मी स्वार्थी आहे असं नाही हं. भट्टीपुढे आयुष्य गेलं, हक्काचं घ्यायला लाज कसली? तुमच्या कपाळाला आठ्या का पडल्या? बरं, दुखत असेल.

पॅकिंगमध्ये सगळ्या पोरी कंत्राटी. त्यांत माझी थोरली. मीच लावली कामाला, अध्यक्षांना सांगून. थोड्या दिवसांत कायम होशील म्हणालो होतो — तिचं लग्न झालं, पोरगं शाळेत जायला लागलं, ती आहे तिथेच. मध्ये बाटली फुटून तिचा उजवा तळहात चिरला. दवाखान्यात गेली असती तर दिवसाची मजुरी बुडाली असती, म्हणून हिने काय केलं — खोक्यांना लावायची चिकटपट्टी गुंडाळली हाताला आणि सुट्टी होईपर्यंत बाटल्या भरल्या. घरी तिच्या आईने पट्टी सोडवली, तर पट्टीबरोबर कातडीही आली. आणि माझा घसा जरा खरखरला, तर अध्यक्षांनी स्वतःची गाडी दिली. ती काय, बाहेर उभी आहे, ड्रायव्हर झोपलाय. फरक असणारच. ती कंत्राटी, मी कायम.

सभेला कंत्राटीही येतात, मतदानात त्यांचाही आवाज धरतात. तर गेल्या सभेत हीच उठली. आधी करार वाचून दाखवा म्हणाली. आता हे मला ऐकू कसं आलं, कापूस होता ना? तेच तर सांगतोय. कापसातून आलं. आमच्या घरात असा आवाज माझाच — आणि हिचा. पाळण्यात होती तेव्हा शेजारी भांडायला यायचे. अध्यक्षांनी चष्मा काढला, मी तोंड उघडलं आणि — खोकला आला. साधा खोकला हो, कोणालाही येतो. ठराव पुढच्या सभेवर गेला. तेव्हापासून माझ्या घशाची सगळ्यांना काळजी. अध्यक्ष मध घेऊन घरी आले. मालकाने गोळ्या पाठवल्या, परदेशी. मालकाच्या गोळ्या आणि युनियनचा घसा — इतकी एकजूट मी तरी आजवर पाहिली नव्हती.

आज सकाळी आली पोरगी. मला वाटलं भांडेल, रडेल. तयारीत बसलो होतो. तर डाव्या हातानेच मला चहा गाळून दिला आणि म्हणाली, “बाबा, आज कापूस घालू नका. आम्ही काय बोलतोय ते ऐका, मग खुशाल मंजूर म्हणा.” एवढंच. चप्पल घातली, गेली कामावर. ही काय बापाशी बोलायची रीत झाली? त्यापेक्षा भांडली असती तर मी जिंकलो असतो.

डॉक्टर काय म्हणाले? हां, ते राहिलंच. मी मोठ्या आशेने — म्हणजे काळजीने — विचारलं, गंभीर आहे का? म्हणाले, छे, खणखणीत घसा. मी म्हटलं नीट बघा, गाठबीठ? नाही. सूज? नाही. याला आठ दिवस बोलायला बंदी, असं सांगाल का अध्यक्षांना? सहज विचारलं हो. तर म्हणाले, कशासाठी, गुळण्या करा आणि दुपारी वाटेल तेवढं ओरडा. तेव्हापासून बसलोय इथे. तुमचं बरं आहे, पट्टी दाखवली की सुटलात. मी तर म्हणतो, मी ओरडलोच नाही तर काय होईल? दुसरा आहे कोण? कारखान्यातला पेंटर आहे, पण त्याचा आवाज म्हणजे फुटकी पिपाणी, पोरी त्याला सहज गिळतील. आणि नामंजूर म्हणायला मी काही वेडा नाही. नुसतं गप्प राहायचं. गप्प राहायला कुठे हिंमत लागते?

थांबा, फोन. अध्यक्षच. वाजू दे जरा — तुम्ही मघाशी कंपाउंडरकडे पाणी मागताना ते कसं केलंत? नुसता वारा सोडायचा ना? जीभ हलवायची आणि... बरं.

ह्ह... अध्य... ह्ह... न... नाही... ह्ह...

ठेवला. आधी ‘मोठ्याने बोल’ म्हणाले, मग शिवी दिली, मग मागे कोणाला तरी म्हणाले, पेंटरला बोलवा.

पोरीसाठी नाही केलं हं, तसलं काही मनात आणू नका. तिला कळणारही नाही. माझीच ग्रॅच्युइटी गेली यात, दुसऱ्या कोणाची नाही. आणि असे बघू नका माझ्याकडे — तो ड्रायव्हर उठलाय, इकडेच येतोय. तिकडे तोंड करा. माझा आवाज बसलाय, आणि मला ओळखत नाही तुम्ही. करा म्हणतो ना—