खुर्ची एकूण कितीला?

नाही, पण मी म्हणते, खुर्चीनं मला मेसेज करायचं कारणच काय? सकाळी सव्वासात वाजता! गॅसवर दूध वर येतंय, हातात चिमटा, आणि फोन टुणकन वाजतो... "तुमची खुर्ची तुमची वाट पाहतेय!" दुपारी जरा पडावं तर, "तुमच्यावाचून करमत नाहीये!" आणि संध्याकाळी नेमका आमच्या ह्यांच्यासमोर, "अजून विचार करताय? ती तुमचीच आहे!" ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ती कोण?" आता काय सांगू? तुम्हाला सांगते, त्या खुर्चीचं तोंडसुद्धा मी बघितलं नव्हतं. बघत होत्या सासूबाई. पण फोन कुणाचा? माझा!

आमच्या सासूबाईंनी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकली. आता निवृत्त झाल्या, पण आवाज खिडकीतलाच राहिलाय, समोरच्याला वाटतं आपण रांग मोडली. गुडघे तेवढे गेले. खालच्या सोफ्यात बसल्या की उठवायला मी आणि हे, दोघं लागतो. म्हणून त्यांना हवी होती खुर्ची... उंच, हातांची, पाठ ताठ. आणि ती त्यांना सापडली एका ऑनलाइन दुकानात. दुकान कुठलं? तर जिथे त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा दीर नोकरीला आहे तेच! कुठल्या वस्तूखाली काय किंमत लिहायची, कुठे लिहायची, केवढ्या अक्षरात लिहायची, हेच भावोजींचं काम. राहतात आमच्यातच.

मी म्हटलं, "आई, मग भावोजींनाच सांगा की!"

"खबरदार!" म्हणाल्या. "तो म्हणेल मी आणतो, आणि पुढची दहा वर्षं आल्यागेल्याला सांगत बसेल, आईला खुर्ची मी घेतली, आईला खुर्ची मी घेतली. माझ्या पेन्शनीतून माझी मी घेणार. दे गं जरा तुझा फोन, पाच मिनिटं."

पाच मिनिटं म्हणजे पाऊण तास! फोन घेऊन गॅलरीत. आतून मला ऐकू यायचं, "तीन हजार नऊशे नव्याण्णव... बरं... नाव, लिहिलं... जन्मतारीख? खुर्चीला माझा वाढदिवस कशाला हवाय?" असं करत करत पाच पानं ओलांडायची, आणि शेवटच्या पानावर, "अगो बाई! पाच हजार आठ?" कारण तिथे काय, पॅकिंगचे एकशेवीस, हाताळणीचे नव्वद, घरपोच आणण्याचे साडेतीनशे, जोडणीचे चारशे, आणि 'सुविधा शुल्क' एकोणपन्नास! "हात मेल्या!" म्हणून बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. का? तर, "आज सुधारले असतील." अहो, एका रात्रीत कोण सुधारतं? पण नाही! रोज खुर्ची टोपलीत, रोज शेवटच्या पानावरून माघारी. आणि मेसेज येणार कुणाला? फोन कुणाचा? माझा!

बरं, इकडे भावोजींची वेगळीच तऱ्हा. जेवायला बसले की घास नुसता फिरवत राहायचे. एकदा चहा घेता घेता मला म्हणाले, "वहिनी, माझी नोकरी काही खरी नाही. लोक टोपली भरतात आणि शेवटच्या पानावरून पळून जातात. मॅडमनी महिन्याची मुदत दिलीय. पळणारे अर्धे झाले नाहीत तर माझी जागा राहते की नाही बघू म्हणाल्या." मला वाईट वाटलं हो. एवढा सरळ मुलगा! आणि पुढे काय म्हणतात? "त्यात एक विचित्र गिऱ्हाईक आहे. एकच खुर्ची. रोज टोपलीत टाकतं आणि जातं. एकोणचाळीस वेळा! आम्ही मीटिंगा घेतल्या त्याच्यावर. एक जण म्हणतो शेजारच्या दुकानाचा हेर आहे, एक जण म्हणतो यंत्र आहे."

मला ठसका लागला. चहा नाकात!

"तुम्हाला नंबर नाही दिसत त्याचा?" मी घाबरत विचारलं.

"छे. नुसता ग्राहक क्रमांक. पण पत्त्याच्या रकान्यात काय लिहिलंय माहितीये? 'आधी एकूण किती ते सांगा. पत्ता मग.' मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलंय ते."

आता मी काय करायचं? इकडे सासूबाईंना शब्द दिलेला, तिकडे भावोजींचा चेहरा उतरलेला... आणि मध्ये कोण? मी! का? फोन माझा ना!

दोन दिवस मी अशी तोंडाला कुलूप लावून काढले. तिसऱ्या दिवशी रविवार. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून नळवाल्याला बोलावलं. तो पिशवी घेऊन आत शिरतोय तोच सासूबाई दारात आडव्या. "थांबा. आधी एकूण किती ते सांगा. नळ मग."

भावोजी बाथरूममधून दाढीचा साबण तोंडाला लावून बाहेर आले. तसेच उभे! आईकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत, परत आईकडे... "आई," म्हणाले, "तुला खुर्ची हवीये का?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... मी म्हटलं, "मी नाही हो सांगितलं! शप्पथ!" नळवाला बिचारा म्हणतो, "वहिनी, मी नंतर येऊ का?"

तुम्हाला वाटेल भावोजी चिडले असतील. कशाचे! आईसमोर खाली बसले, अर्धी दाढी तशीच, आणि म्हणाले, "एकेचाळीस वेळा गेलीस तू. का गेलीस ते फक्त आमच्या ऑफिसात येऊन सांग."

"मी कशाला येऊ? मला काय येतं तुमचं ते?" असं म्हणत म्हणत सोमवारी सकाळी नऊ वाजता पर्स घेऊन तयार! मला बरोबर नेलं. कारण खुर्ची ज्यात होती तो फोन कुणाचा? बरोबर.

लांबलचक टेबल. मॅडम मध्ये, आणि दोन्ही बाजूंना प्रत्येक खात्याचा एकेक साहेब. सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि खिडकी उघडली म्हणा ना! "हे पॅकिंगचे वेगळे का?"

"बाई, खोका लागतो ना," एक साहेब म्हणाले.

"तीस वर्षं तिकिटं विकली मी. तिकिटावर पाच लिहिलेत म्हणजे पाच. मागच्या गोंदाचे वेगळे घेतले का कधी?"

साहेबांनी समोरचा कागद पालथा घातला.

"आणि ही सुविधा कोणती हो?"

सुविधावाला साहेब तरुण होता, जरा अडखळला. "म्हणजे... पैसे भरण्याची सुविधा."

"म्हणजे मी तुम्हाला पैसे द्यायचे, आणि ते घेतल्याबद्दल वर आणखी पैसे द्यायचे?"

मॅडमनी तोंडावर फाईल धरली. हसत होत्या की काय, देव जाणे. मग सासूबाईंचा आवाज जरा खाली आला. "घरपोच आणण्याचे घ्या हो. माणूस तीन जिने चढतो, त्याला मिळायलाच हवेत. पण ते मला पहिल्या पानावर सांगा. परवडलं तर घेईन, नाही तर नाही. सगळी माहिती भरून घेता, आणि मग शेवटी मला माझ्याच डोळ्यांसमोर गरीब करता... ते नाही आवडत मला."

भावोजी खाली मान घालून लिहीत होते, पण त्यांचं पेन चालत नव्हतं, मी बघितलं ना.

आठ दिवसांत पान बदललं. खोका-हाताळणी सगळं किमतीत. सुविधा शुल्क गेलं. खुर्ची चार हजार दोनशे, आणून द्यायचे साडेतीनशे, एकूण चार हजार पाचशे पन्नास, आणि हे सगळं पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात! जोडणी हवी तर चारशे, नको तर नको.

आणि पहिल्या आठवड्यात काय झालं? गिऱ्हाईकच कमी! आकडा मोठा दिसला, लोक फिरकेनात. सुविधावाला साहेब म्हणे सगळ्यांना सांगत फिरला, "मी म्हटलं नव्हतं?" भावोजींचा घास पुन्हा ताटातच. मुदतीला उरले नऊ दिवस. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आता तरी घ्या हो ती खुर्ची!" तर म्हणाल्या, "घाई करू नकोस. टिकतात का ते बघू दे." म्हणजे बघा! पोटच्या पोराची नोकरी टांगणीला, आणि ह्या तपासणी करतायत!

पण दुसऱ्या आठवड्यात वारं फिरलं. टोपलीत टाकलं की लोक घ्यायलाच लागले. तक्रारींचा फोन दुपारचा वाजेना, तिथल्या मुली म्हणे स्वेटर विणायला लागल्या. पळणारे अर्धे कसले, तिसऱ्या हिश्श्यावर आले. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी, भावोजी ऑफिसात, त्यांच्या पडद्यावर तोच ग्राहक क्रमांक. खुर्ची टोपलीत. दुसरं पान, तिसरं पान... पत्त्याच्या रकान्यात आमच्या घराचा अख्खा पत्ता, जिन्यासकट! आणि पैसे भरले! म्हणतात भावोजी जागेवर उभे राहिले आणि सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं. जोडणी नको म्हणून कळवलं होतं. खुर्ची आली तशी सासूबाईंनी स्वतः पाना फिरवून जोडली, बसल्या, आणि कुणाच्या हाताला न धरता उठल्या. भावोजी आत जाऊन उगाच तोंड धुऊन आले.

आनंदच आहे हो! मी कुठे नाही म्हणते? आता दर गुरुवारी ऑफिसची गाडी येते त्यांना न्यायला, नवी पानं तपासायला. पण ही सवय घरातही शिरली त्याचं काय? परवा मी म्हटलं, "आई, दोन दिवस माहेरी जाऊन येऊ का?"

त्यांनी वाचता वाचता मान वर केली. "दोन?"

"दोन."

"जायचा दिवस धरून? बहिणीकडे वाकडी वाट? तुझी आई 'आजच्या दिवस राहा गं' म्हणेल तो?"

मी बोटं मोजली. लग्नाला अकरा वर्षं झाली, अकरा वर्षं मी दोन सांगून जातेय. म्हटलं, "...सहा."

"जा की मग," म्हणाल्या, "अकरा वर्षं मी सहा दिवसांचाच स्वयंपाक ठरवून ठेवतेय."