‘खोलीवर पोचले’

आई : मग ही कोण, सात वाजता मेसेज करणारी? ‘खोलीवर पोचले, मैत्रिणींबरोबर जेवतेय.’ सात वाजता मी तुझ्या कुलपासमोर, या पायरीवर बसले होते.

लेक : आई, आधी आत तरी चल. अशी न कळवता आलीस...

आई : कळवलं होतं. रविवारी. ‘गुरुवारी येतेय’ म्हणून. तुझं उत्तर आलं, ‘बरं.’

लेक : ते ‘बरं’ मी नव्हतं लिहिलं.

(लेक कुलूप काढते. आत एक खाट, एक खुर्ची.)

आई : हं, आता बोल.

लेक : कंपनीच्या संशोधन विभागात फोन दारातच जमा करावा लागतो. तू तर काळजीनं अर्धी होतेस. म्हणून एक प्रोग्राम लिहिला. रोज सातला मेसेज पाठवतो. तू काही लिहिलंस, तर साजेसं उत्तरही देतो.

आई : तरीच! वॉर्डात एखादी सिस्टर पेशंटला हातही न लावता तापाचा तक्ता भरते ना, तसं वाटायचं मला. रोज आपलं सगळं ठीक. बत्तीस वर्षं असले तक्ते पकडले मी, आणि पोटच्या पोरीचा तेवढा चालवून घेतला. पण मी लिहिलेलं वाचायचीस तरी?

लेक : आधी वाचायचे. वाचलं की उठून घरी यावंसं वाटायचं. मग बंद केलं.

आई : आणि फोन उचलायला काय झालं होतं?

लेक : आवाजावरून ओळखलं असतंस तू. तीन दिवस कंपनी, दोन दिवस विद्यापीठात कॉम्प्युटरचे तास. कंपनीत मी ‘विद्यापीठाची मुलगी’, विद्यापीठात ‘कंपनीवाली’. प्रोजेक्टचे गट पडले त्या दिवशी मी कंपनीत होते, म्हणून माझ्या गटात मी एकटीच. कंपनीतलं काम बाहेर बोलायचं नाही, तसं लिहून दिलंय.

आई : आणि त्या मैत्रिणी?

लेक : नाहीत गं.

आई : एकही नाही?

लेक : जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसून डबा खाते. मला सोडायचंय हे, आई. पण तू सगळ्या वॉर्डाला इतकं कौतुकानं सांगितलंस...

आई : खड्ड्यात गेला वॉर्ड. सोडायचं की रेटायचं, ते उद्या निवांत बसून ठरवू. मला आता वेळच वेळ आहे.

लेक : का? उद्या ड्यूटी नाही?

आई : म्हणजे तेही वाचलं नाहीस.

लेक : काय?

आई : निवृत्त झाले मी. महिना झाला. त्या संध्याकाळी तुला लिहिलं, ‘शेवटचा युनिफॉर्म धुवायला टाकलाय. घरात चिटपाखरू नाही. फार रडू येतंय.’

लेक : आई... मी काय उत्तर दिलं?

आई : ‘काळजी करू नकोस. जेवून घे.’

लेक : मग?

आई : मग काय. डोळे पुसले, उठले आणि जेवले.