लूम आणि विकासचा कॉम्प्युटर

"तुझ्या लूममुळंच माझा कॉम्प्युटर मेला, आई," माझा विकास ओरडत होता. काल्हेरच्या गोडाऊनची नोकरी सोडून हा त्या कॉम्प्युटरवर गेम खेळून कमावणार होता. आधी तो मध्येच बंद होऊन आपोआप चालू व्हायचा, आता चालूच होईना.

वीज कमी पडत असेल म्हणून शेजारच्या खोलीतला कापड विणायचा लूम मी बंद केला. नवरा गेल्यावर तो चालवायला बघून बघून शिकले आणि त्याच्यावरच ह्याला वाढवला. तरी कॉम्प्युटरचा दिवासुद्धा लागला नाही. विकासनं डबा उघडला, तर आत उशीत भरावा तसा कापूस.

"बघ, तुझ्या लूमचा कचरा. विकून टाक तो लूम, नवा कॉम्प्युटर घेतो."

त्याचे डोळे भरलेले. मी म्हटलं, "वीक, पण नवा बंद पडेल तेव्हा विकायला घरात मीच उरलेली असेन."