दगडाची बांगडी

जमलेल्या आयाबहिणींनो आणि भावांनो,

माईक जरा खाली करा. इतका नको. असू द्या, राहू द्या तिथेच.

मला बोलायला का सांगितलं ते सांगणाऱ्यांनाच ठाऊक. मी सातवी शिकलेला फुलवाला. हार करता येतो, भाषण करता येत नाही. त्यात सकाळपासून छातीत धडधडतंय. फोटोला घातलेला झेंडूचा हार मीच केला आणि तो करताना दोरा सारखा तुटत होता. मनोहर समोर असता तर म्हणाला असता, "काहून थरथरून राहिला बे? मेलो मी, तू नाई."

माझ्या आधी बोलणारे म्हणाले की मनोहर देवमाणूस होता, त्यानं कुणाला त्रास दिला नाही. ऐकता ऐकता मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत येऊन बसलो. कुणाला त्रास दिला नाही? मला दिला ना. अकोल्याच्या बाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान आणि माझं फुलांचं, समोरासमोर. सारा जन्म त्यानं मला वैताग दिला. आणि जाताना एक वैताग मागे ठेवून गेला. मी त्या वैतागाबद्दलच बोलणार आहे. चांगलं चांगलं सगळं बोलून झालेलं आहे.

काचेच्या बांगड्या विकणारा हा माणूस. पण त्याला वेड कशाचं? जेडचं. हिरव्या दगडाचं. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यानं दुकानात बसवून शिकवलेलंच आहे, तरी ज्यांची सुटका झाली त्यांच्यासाठी सांगतो. जेड म्हणतात ते दोन वेगळे दगड असतात. एक जेडाइट, तो ब्रह्मदेशाकडून येतो, त्याची चमक काचेसारखी. दुसरा नेफ्राइट, त्याची चमक तेलाचा हात फिरवल्यासारखी, मंद. पण चिवट असा की हातोडीलाही दाद देत नाही. अचलपूरचे रहीमचाचा त्याला यशब म्हणतात. चाचा अंगठ्यांचे खडे विकतात. आज या वयात एसटीनं आले आहेत, मागे बसले आहेत. चाचा, पुढे या ना. नाही येत. बरं.

मी सातवी शिकलो आणि हे मला पाठ आहे. शाळेतलं काही पाठ नाही, हे पाठ आहे. मला नको होतं तरी पाठ झालं.

खरा दगड ओळखायची त्याची रीत तुम्ही पाहिली आहे. आधी गालाला लावायचा. खरा असेल तर गार लागतो आणि बराच वेळ गारच राहतो. मग दोऱ्याला टांगून त्याच्यावर दुसऱ्या दगडानं हळूच टिचकी. आवाज ऐकायचा. आता हे दुकानात केलं तर ठीक आहे. माझ्या मुलीच्या लग्नात यानं काय केलं? जेवणाच्या पंगतीत विहीणबाईंच्या गळ्यातलं हिरवं पदक पाहिलं, गेला जवळ, म्हणाला, "बाई, जरा गालाले लावून पायतो." विहीणबाई मागे सरकल्या. यानं पदक हातात घेतलं, गालाला लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "रंगवलेला हाय. कोनं फसवलं तुमाले?" ते पदक त्यांच्या सासूनं दिलेलं होतं. वरपक्ष रुसला. समजूत काढता काढता माझी छाती फुटायची वेळ आली. मी त्याला म्हटलं, "मनोहर, तुले काई समजते का?" तर म्हणतो, "मी खोटं बोललो का?"

असा माणूस. याला देवमाणूस म्हणायचं?

त्याचा संग्रह मसाल्याच्या डब्यात असायचा. स्टीलचा गोल डबा, आत वाट्या. एका वाटीत कानातले, एका वाटीत सुटे मणी, एका वाटीत पानाच्या आकाराचं पदक, एका वाटीत मोडका केसातला आकडा, तो मोडका म्हणून त्याला जास्त आवडायचा. आणि नलूवहिनींचं तिखट-मोहरी? प्लास्टिकच्या डब्यांच्या झाकणांमध्ये. लग्नात माहेरून आलेला डबा वहिनींना पुन्हा कधी मिळाला नाही. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो, वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दोस्ताले सांगा, भाजीत जेड टाकू का आता?" हा मान वर न करता म्हणाला, "टाक. शिजत नाई थो."

पण डब्यात ठेवून त्याला चैन पडायचं नाही. त्याचं म्हणणं असं की हा दगड अंगावर पाहिजे. माणसाच्या घामानं, तेलानं तो उजळतो, पेटीत ठेवला की मरतो. खरं-खोटं मला माहीत नाही. पण त्यापायी तो लोकांना धरून धरून दागिने घालायला द्यायचा. कुणाला अंगठी महिनाभर, कुणाला मणी. मला त्यानं हे दिलं. थांबा, सदऱ्याच्या आत आहे. हे. रहीमचाचा याला हौलदिल म्हणतात. पूर्वी नबाबांच्या काळात ज्याची छाती घाबरायची त्याच्या गळ्यात बांधायचे म्हणे, हृदयावर टेकेल असं. मनोहरनं माझ्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "घाल. तुह्या धडधडीनं माह्या दुकानातल्या काचा हालून राहिल्या."

त्यानं धडधड थांबली का? नाही थांबली. आत्ताही चालूच आहे. पण काढायची माझी हिंमत होत नाही.

आता बांगडीचं सांगतो.

ती बांगडी त्यानं अचलपूरला रहीमचाचांकडून घेतली. मी सोबत होतो, कारण त्याला एकट्याला बसमध्ये झोप लागते आणि तो पुढे परतवाड्याला जाऊन उतरतो. एकाच दगडातून कोरलेली, सांधा नाही, फट नाही. रंग असा की दुधात पालकाचं पाणी पडावं. चाचांनी ती दोऱ्याला टांगली, टिचकी मारली आणि म्हणाले, "मनोहर, देखना बाद में. पहले सुन." तो आवाज मी अजून विसरलो नाही. लांबच्या देवळात कुणीतरी एकदाच घंटा वाजवून निघून जावं, तसा.

येताना पूर्ण रस्ता यानं ती गालाला लावून ठेवली होती. लोक बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आणि घरी आल्यावर यानं वहिनींचा हात धरला. साबण लावला, खोबरेल लावलं, बोटं दाबली, अंगठा आत मुडपला आणि बांगडी चढवली. कासाराचा हात तो, चढणारच. पण इथंच तो चुकला. त्याला सवय काचेची. काच तंग भरायची असते, म्हणजे हातावर शोभते, आणि कधी काढायची झाली तर काच वाढवता येते. कासार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो, तुम्हाला माहीतच आहे. दगडाची बांगडी वाढवणार कशी? सारी हयात बांगड्या भरणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, "निघन का रे हे?" तर म्हणतो, "काढाची कायले?"

मग वयानं वहिनींचा हात जाड झाला. बांगडी आहे तिथेच राहिली. साबणानं निघेना, तुपानं निघेना, बर्फात हात ठेवला तरी निघेना. कणीक भिजवताना पीठ आत जायचं, वहिनी काडीनं काढत बसायच्या आणि शिव्या द्यायच्या. "ह्या मानसानं मले बेडी घातली," म्हणायच्या. हा ऐकायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "पाय, कशी उजळली."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. आज नाही जात.

मनोहर गेला त्या दिवशी आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा घरात बायकांनी वहिनींना पाटावर बसवलेलं होतं. काचेच्या बांगड्या फोडून झाल्या होत्या. त्यातल्या किती मनोहरनं स्वतः भरलेल्या असतील, विचार करा. दुकानात कुणी असलं काही सांगायला आलं की तो मान खाली घालायचा. मला म्हणायचा, "मी भरतो गड्या, अन् हे लोकं दगडानं फोडते."

आणि दगडाची राहिली होती. साबण लावला, ओढली. मग वरवंटा आणला. वहिनींचा हात पाट्यावर ठेवला आणि बांगडीवर वरवंटा मारला. वरवंट्याचा टवका उडाला. बांगडीला ओरखडा नाही. पण हाताला लागायचं ते लागलं. मनगट काळंनिळं झालं. मी दारात उभा राहून बघत होतो.

मग ठरलं की तेरवीच्या आधी बांगडी निघाली पाहिजे. कटरनं कापायची. मनोहरच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, मला बोलावलं. आक्का अमरावतीहून आल्या आहेत, इथं पुढेच बसल्या आहेत. म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या ओळखीचा ग्रीलवाला हाय ना? त्याले आना. लोकं काय म्हनतीन?"

आक्का, तुम्ही मनोहरला लहानाचा मोठा केला. आई गेल्यावर तुम्हीच त्याची आई झालात. तुमच्यापुढे माझी मान वर होत नाही. मी हो म्हणालो. ग्रीलवाल्याकडे गेलोसुद्धा. त्यानं विचारलं, "काका, काय कापायचं? दार का खिडकी?" मी म्हटलं, बाईच्या हातातली बांगडी. त्यानं हातातली मशीन खाली ठेवली. जी मशीन लोखंड कापते, ठिणग्या उडवते, ती मनगटाशी चालवायची. त्याचा हात हलला तर? वहिनी दचकल्या तर? तेव्हापासून मला झोप नाही.

काल वहिनींना विचारलं. आधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, जलमभर काढाले पायलं तवा निघाली नाई. आता राहू द्या."

एवढंच म्हणाल्या.

म्हणून आक्का, ऐका. उद्या तेरवी. ग्रीलवाला येणार नाही. सभेला येण्याआधी मी त्याच्या दुकानात जाऊन त्याला नाही सांगून आलो. घरी तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं माईकवर सांगतोय. रागवा माझ्यावर. खुशाल रागवा. पण मला एक सांगा. मनोहरनं आपल्या हातानं दगड दोघांना घातला. एक नलूवहिनींना, एक मला. माझ्या गळ्यातला कुणी काढायला सांगितला? तेरा दिवस होत आले, एकानं तरी म्हटलं का, भाऊ, दोस्त गेला, आता ते हौलदिल उतरवा? मी तर ते घालून स्मशानात गेलो, दुकानात बसलो, जेवलो. कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मग वहिनींच्याच हातावर कुणाची नजर का अडकते?

लोक काय म्हणतील, असं तुम्ही विचारता. लोक हे बसले आहेत ना सगळे समोर. बाजारातलेच आहेत. विचारा त्यांना. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मी थांबतो.

नाही कुणाला काही म्हणायचं. बघा.

आणि उद्या वहिनी तेरवीचं करतील, वाढायला येतील, तेव्हा कुणी पोरीबाळींनी त्या हाताकडे बघून तोंड फिरवलं, तर माझ्याकडे या. मी भांडायला तयार आहे. मला भांडता येत नाही, पण भांडीन.

मनोहर, तुझ्यावर मी अजून चिडलेलो आहे. तू माप चुकलास आणि निस्तरायला मला ठेवून गेलास. तू असतास तर म्हणाला असतास, "मी कुठं चुकलो?" आणि आज पहिल्यांदा मी म्हणालो असतो, बहुतेक नाही चुकलास.

आता उभे राहा सगळे. दोन मिनिटं शांत राहू. पंखा बंद करा, फार आवाज करतो.

वहिनी, तुम्ही बसूनच राहा. सभा सुरू झाल्यापासून तुम्ही तो हात पदराखाली धरून बसल्या आहात. तो बाहेर काढा. त्या फोटोसमोर, टेबलावर ठेवा. तो दगड झाकून ठेवलेला त्याला कधीच चालला नाही.

हां. असाच राहू द्या.