ताराचंदजींच्या तसबिरीतले अण्णाजी

आजच्या निरोप समारंभाचे आणि आपल्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष माननीय निकेशजी, त्यांच्या मातोश्री आदरणीय प्रमिलाबाई, सत्कारमूर्ती चित्रकला शिक्षक प्रभाकरराव लोहकरे सर, शिक्षक बंधू-भगिनींनो, आणि सकाळपासून पंख्याखालच्या जागा धरून बसलेल्या सिंदी मेघेच्या ग्रामस्थांनो,

मी कैलास वरघणे, या शाळेचा लिपिक. लोहकरे सरांचा मोठा गुण म्हणजे ते बोलत नाहीत. तेहतीस वर्षांत ते इथे जेवढे बोलले, तेवढे मी एका पोस्टकार्डावर बसवून दाखवीन. परवा मात्र त्यांनी मला एक हकिकत सांगितली आणि म्हणाले, "कैलासभाऊ, मले जमणार नाई. सभेत तुम्हीच सांगा."

मुख्याध्यापकांच्या खोलीतली संस्थापक कै. ताराचंदजींची तसबीर आपण सर्वांनी पाहिली आहे. शाईतले जुने रेखाचित्र. कापसाच्या गाठीवर बसलेला माणूस, डोक्याला पागोटे, हातात काहीतरी वाकडे. दर पुण्यतिथीला आपण तिला हार घालतो. पाहुण्यांनी त्या चित्रावर काय काय बोलून ठेवले आहे! गाठीवर बसलेत, म्हणजे साधी राहणी. हातात छडी, म्हणजे शिस्त. निकेशजींचे नाक थेट आजोबांवर गेले आहे, हे तर मी स्वतः दोनदा बोललो आणि इतिवृत्तातही लिहिले.

अध्यक्ष महोदय, ते आपले आजोबा नाहीत.

पाणी घ्यावे. मी थांबतो.

ते वर्ध्याच्या कापूस बाजारातले हमाल अण्णाजी. हातात छडी नाही, गाठ ओढायचा लोखंडी आकडा आहे. लोहकरे सर चित्रकला शिकत होते, तेव्हा माणूस समोर बसवून टाकाने काढायचा सराव करावा लागे. अण्णाजी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर बसायचे. माशी बसली तरी हलायचे नाहीत. चित्र उत्तम झाले, फक्त सही करायची राहून गेली.

सर इथे रुजू झाले, त्या वर्षी संस्थापकांची पहिली पुण्यतिथी होती. ताराचंदजींनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. फोटोने आयुष्य घटते, असे ते म्हणत. ते ब्याण्णव वर्षे जगले, तेव्हा त्यांच्याशी वाद घालणे कठीण आहे. तेव्हाच्या मुख्याध्यापकांना चित्रकलेच्या खोलीत हे चित्र दिसले. "अगदी शेठजी!" म्हणत ते खात्री करायला शेठजींच्या घरी घेऊन गेले. पण खात्री करणार कोण? प्रमिलाबाई त्या घरच्या सूनबाई, सासऱ्यांसमोर पदर नाकापर्यंत. त्या म्हणाल्या, "बाबूजींचं तोंड मी कधी पाह्यलंच नाई. पागोटं हेच होतं." शेठजींचे चिरंजीव वडिलांसमोर जन्मभर मान खाली घालून उभे राहिलेले. निकेशजी तर तेव्हा पाळण्यात. त्यांनी जोडे नक्की ओळखले असते, पण चित्रातला माणूस अनवाणी. एवढ्या आदराच्या घरात चेहरा ओळखणारे कुणीच निघाले नाही. आणि सर? नोकरी नवी, कायम व्हायचे होते. ते गप्प बसले. ही माझी चूक आहे, असेच सांगा, असे ते परवा म्हणाले. म्हणून सांगितले.

पुढे अण्णाजी वारले. सर खरे काय ते सांगून टाकायच्या बेतात होते, तेवढ्यात अण्णाजींच्या पत्नी देवकाबाई आपल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागल्या. पुण्यतिथीच्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेऊन गेल्या आणि दारातच थबकल्या. मग सरांना हळूच म्हणाल्या, "मास्तर, हे तं आमच्या घरचे हायेत. इथं काऊन बसले?"

त्यांच्याकडे नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. सरांनी सगळे सांगितले आणि विचारले, "लोकांले सांगून टाकू?"

"नका सांगू, मास्तर. सांगसान तं काढून टाकतीन."

तेव्हापासून एकोणीस वर्षे पुण्यतिथीचा हार देवकाबाईच ओवतात. मला वाटायचे, बाईंना फुलांची हौस आहे. मला लाज वाटते.

आता सोमवारी ती तसबीर उतरणार आहे. तिच्यावरूनच संगणकावर केलेले मोठे रंगीत चित्र तिथे लागेल. त्यात अण्णाजींना कोट घातला आहे आणि आकड्याच्या जागी पुस्तक दिले आहे. जुने चित्र अडगळीच्या खोलीत जाईल. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. तिथली वाळवी किती कामसू आहे, ते मी जाणतो. म्हणून काल मी देवकाबाईंना म्हटले, चित्र तुम्ही घरी न्या.

त्या म्हणाल्या, "नेईन. पण कैलासभाऊ, तीस वर्सं ते दुसऱ्याच्या नावानं हार घेऊन राह्यले. एकडाव त्यांच्या नावानं घालू द्या. मंग कुठीबी ठेवा."

आज सकाळी सरांनी काच काढून टाकाने कोपऱ्यात लिहिले, 'अण्णाजी, हमाल, वर्धा'. खाली सही केली. चित्र त्या टेबलावर कापडाखाली आहे.

अध्यक्ष महोदय, हार घालण्याचा मान दरवर्षी आपला असतो. तो आज मी मागतो आहे. आपण मान हलवली, असे मी समजतो. प्रमिलाबाईंनी तर चष्माही लावला आहे.

आपण सर्वांनी एका लिपिकाचे एवढे ऐकून घेतले, त्याबद्दल ऋणी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.

देवकाबाई, या. सावकाश या, आम्ही उभे आहोत. एरवी तुम्ही त्यांना 'आमच्या घरचे'च म्हणता, पण आज हार घालताना त्यांचे नाव मोठ्याने घ्या. आम्ही तेहतीस वर्षे चुकीचे घेतले.