गौरीने पान्हा चोरला

मघाशी तुम्ही म्हणालात ना, समाधानी माणूस पुढे जात नाही? मग माझ्या दादा-वहिनीचं ऐका.

आमचं माहेर जामखेडकडचं. दूध देण्याच्या स्पर्धेत आपल्या गौरी गाईचा पहिला नंबर आलाच पाहिजे, हा दादाचा ध्यास. दिवाळीपासून त्याने तिला सरकी-पेंड चारली. धार मात्र रोज वहिनीच काढायची.

स्पर्धेच्या दिवशी दादा म्हणाला, "तू घरीच थांब. धार मी काढतो. पेपरात फोटो येनार हाय."

मांडवात तो बादली घेऊन बसला आणि गौरीने पान्हा चोरला. गूळ दिला, पाठ थोपटली, हात जोडले, तरी थेंब नाही. शेवटी त्याने वहिनीला फोन केला.

"तुझी साडी घेऊन लवकर ये."

"साडी कशाला?"

"मी गुंडाळून बसतो. तिला वाटंल, तूच हायस."

"अवो, मग मीच येते की!"

शेजारणीच्या स्कूटीवर बसून वहिनी आली. "गवरे" म्हणून नुसता हात फिरवला आणि गौरीला पान्हा फुटला. बादली फेसाने भरली, पण वेळ संपली होती. दादा कपाळाला हात लावून बसला. वहिनी हसत होती.

"नंबर गेला, अन् तुला हसू येतंय?"

"येवढ्या गर्दीत तिनं मला वळखलं. मला तेवढं लई झालं."

दादाने बादली उचलली. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी धार तूच काढ. पर नंबर आनायचाच."

"आनू की. पर फोटोत मी अन् गवरी. तुमी बादली धरून बाजूला हुभं ऱ्हा."